कागदावर रडलेलं बाळ

"सुटली बिचारी."

अक्का, तुला बसतं करून, कपाळाला विभूती लावून मातीत ठेवलं आणि आम्ही जळकोटला तुझ्या घरी परत आलो. पाय धुऊन ओसरीवर टेकले, तर पहिलं वाक्य कानावर पडलं ते हे. तुझ्या चुलतसासूबाईंचं. चिन्नी त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून पडली होती, डोळे टक्क उघडे. तुझी तेरा वर्षांची लेक. तिला बोलता येत नाही, म्हणजे तिला समजतही नाही, असं मानणारी माणसं आपल्यात काही थोडीथोडकी नाहीत.

मी विचारलं, "कशातून सुटली?"

"आगं, तसं न्हाय गं. पोरीचं करू करू जीव गेला की तिचा. आता तरी इसावा..."

"चिन्नीमुळं नाही गेली ती. पहाटेपासून दुखत होतं आणि दवाखान्यात कुणी नेलं नाही, म्हणून गेली."

अव्वानं माझा दंड धरून मला आत नेलं, तुझ्या ओट्यापाशी उभं केलं आणि म्हणाली, "आजच्या दिस गप ऱ्हा." आपली आई मला इतकी म्हातारी कधी दिसली नव्हती. मी गप्प राहिले. गप्प राहण्याचा मला चांगला सराव आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आज नववा दिवस. येणारी प्रत्येक बाई माझ्या गळ्यात पडून रडते आणि मी काठीसारखी ताठ उभी असते. मला रडू येत नाही. मला भांडायचं आहे. आणि ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्यात पहिला नंबर तुझा आहे.

त्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला तुझा फोन आला. मी हैदराबादला, कॉलेजात. तोंडी परीक्षा चालू होत्या, दारात विद्यार्थ्यांची रांग. "तंगी, चिन्नीचं फिटांचं औषध हितं कुटंच मिळंना झालंय. तुज्याकडं बघ की." माझं नाव तू कधी घेतलंच नाहीस. माहेरच्या कन्नडातलं 'तंगी', धाकटी बहीण, हेच माझं नाव. मी म्हटलं, बघते. तुला धाप लागलेली मला ऐकू येत होती.

"धापा का टाकतीस?"

"चिन्नीला उचलून खुर्चीत बसवलं आत्ता. लई जड झालीया बग." आणि तू हसलीस.

मी औषधशास्त्र शिकवते, अक्का. बायकांच्या हृदयाचा झटका पुष्कळदा छातीवर हात दाबून येत नाही. तो धाप, मळमळ, पाठ, जबडा अशा आडवाटेनं येतो, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. घसा कोरडा करून सांगते. आणि तुझी धाप ऐकून मी म्हणाले, "बरं, ठेवते. पोरं थांबलीत."

दाजींनी नंतर सगळं सांगितलं. पहाटेपासून तुझ्या पाठीत कळ येत होती, जबडा दुखत होता. तू पित्ताची गोळी घेतलीस. दाजी म्हणाले, उमरग्याला जाऊन येऊ. तू म्हणालीस, चिन्नीचं आवरून जाऊ. मग ते हार्डवेअरचं दुकान उघडायला गेले. तू चिन्नीला आंघोळ घातलीस. तिचे आखडलेले हातपाय ताणून रोजचा व्यायाम घेतलास. पातळ खिचडी भरवलीस. तिला भरवायला पाऊण तास लागतो. घास नीट गिळला का बघून दुसरा द्यावा लागतो. तो सबंध पाऊण तास तू तिच्यासमोर बसलीस. मग वाटी मोरीत ठेवायला उठलीस आणि तिथंच कोसळलीस. उमरग्याच्या वाटेवर, जीपमध्ये, संपलं.

चिन्नीला एक दिवस जेवण उशिरा मिळालं असतं तर काय झालं असतं? रडली असती, एवढंच. हा प्रश्न मी तुझ्या फोटोला रोज विचारते. लोक त्याला हात जोडतात आणि मी त्याच्यावर डोळे वटारते. तुझं सगळं आयुष्य तिचं आवरून मग, तिचं आवरून मग, यातच गेलं. आणि याची सुरुवात तुझ्या कुठल्याही चुकीतून झालेली नाही. ती एका दुपारी, एका बंद कपाटापाशी झाली. ती दुपार आज सगळी लिहिते. त्यातलं काही तुला मी कधीच सांगितलेलं नाही.

तू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होतीस. हायवेलगतच्या एका नर्सिंग होममध्ये तुझं नाव घातलं होतं. त्याचं नाव आणि डॉक्टरांचं नाव मी इथं लिहीत नाही. मी तेव्हा बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला. अव्वा आणि मी तुझ्याजवळ होतो. दुपारी कळा मंदावल्या म्हणून डॉक्टरांनी सलाईनमध्ये कळा वाढवायचं इंजेक्शन सोडलं आणि ते जेवायला घरी गेले. मी सलाईनच्या नळीकडं पाहिलं. थेंब भराभर पडत होते.

ते औषध थेंब मोजून द्यायचं असतं, दर थोड्या वेळानं बाळाचे ठोके ऐकायचे असतात, हे मी त्याच सहामाहीत पाठ केलं होतं. कळ आली की बाळाकडं जाणारं रक्त आवळलं जातं. कळ सैल झाली की पुन्हा जातं, आणि त्या मधल्या उसंतीत बाळाला प्राणवायू मिळतो. तुला उसंतच नव्हती. एक कळ संपायच्या आत दुसरी. तू माझं मनगट धरलं होतंस, नखं रुतली होती.

मी नर्सबाईंना म्हटलं, "थेंब जास्त नाहीत का?"

"डाक्टरसायबांनी लावलंय. तुला लई कळतंय काय? जा, भाईर थांब."

मी बाहेर थांबले.

हेच ते, अक्का. मला माहीत होतं. वीस-एकवीस वर्षांची, परीक्षेत पहिली येणारी तुझी तंगी, तिला माहीत होतं, आणि एका वाक्यात ती बाहेर जाऊन बाकड्यावर बसली. नळीचा चाप मी हातानं आवळू शकले असते. डॉक्टरांच्या घरी पळत जाऊ शकले असते. मी बसले.

मग आतून नर्सबाईचा आवाज आला, "झालं, झालं." आणि त्यानंतर काहीच नाही. बाळाचा आवाज नाही. अव्वानं माझ्याकडं पाहिलं. आत धावपळ. "अंबू कुटाय, अंबू?" बाळाच्या तोंडावर मास्क धरून हातानं हवा भरायची ती रबरी पिशवी. "कपाटात." "उघड की मग!" "किल्ली सायबाच्या खिशात हाय." वॉर्डबॉय मोटारसायकलवर किल्लीसाठी पळाला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. निळसर, सैल बाळ, आणि नर्सबाई त्याच्या तळव्यांना टिचक्या मारताहेत, पाठ चोळताहेत. किल्ली आली, डॉक्टर आले, कपाट उघडलं. पिशवी निघाली, पण तिला जोडलेला मास्क मोठ्या माणसाचा होता. बाळाचा सगळा चेहरा त्यात मावत होता, हवा बाजूनं निसटत होती. छोटा मास्क शोधण्यात आणखी वेळ गेला.

किती मिनिटं? मी घड्याळ पाहिलं नाही. पुढं आयुष्यभर मी मिनिटंच मोजत आले, आणि तीच तेवढी मोजली नाहीत.

संध्याकाळी सोलापूरला नेताना जीपमध्ये तिला झटके सुरू झाले. तू मागं नर्सिंग होममध्येच होतीस, तुझे टाके ओले होते. डॉक्टरांनी दिलेला कागद माझ्या मांडीवर होता. इंग्रजीत चार ओळी. त्यातल्या एका ओळीचा मराठीत अर्थ असा: बाळ जन्मताच लगेच रडलं.

मी ती ओळ तीनदा वाचली. अप्पांना दाखवली. अप्पा शेजारीच बसले होते, हातात नातीचं दुपटं. ते म्हणाले, "तिला सासरी नांदायचं हाय. कोर्टात गेल्याली पोर म्हणून नाव हुईल. कागद आत ठेव." मी ठेवला. अप्पा आता नाहीत, त्यांच्याशी भांडता येत नाही. तुझ्याशी भांडते तशी त्यांच्याशीही भांडले असते.

तीन आठवड्यांनी चिन्नी घरी आली, नळीनं दूध पीत. आणि मग ग्रहण आलं. आकाशातलं नव्हे, अव्वाच्या तोंडातून. "सातव्या महिन्यात ग्रहण व्हतं. ही विळीवर भाजी चिरत बसली व्हती. म्या सांगितलं व्हतं, ऐकली न्हाय." सासरची माणसं म्हणाली असती तर मी समजू शकले असते. आपली आई म्हणाली. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला म्हणाली. तू चिन्नीच्या तोंडाला दुधाचा बोळा लावत खाली मान घालून ऐकत राहिलीस. बी. ए. झालेली माझी बहीण असलं काही मानणार नाही, असं मी धरून चालले. सोयीचं होतं मला ते.

मी हैदराबादला गेले, पुढं शिकले, आणि संशोधनाला विषय घेतला तो हाच: प्राणवायू कमी पडला की वाढत्या मेंदूतल्या रिसेप्टरांचं काय होतं. मुलाखतीत विचारलं, हाच विषय का? मी इंग्रजीत काहीतरी भारदस्त उत्तर दिलं. जीप, दुपटं आणि तो कागद यांतलं काही सांगितलं नाही.

चिन्नी सहा वर्षांची असताना तिच्या आखडलेल्या पायांना इंजेक्शनं द्यायला तू तिला घेऊन हैदराबादला आलीस. माझ्याच खोलीवर उतरलीस. "तुजी ती प्रयोगशाळा दाव की" म्हणून हट्ट धरलास. मी नको नको म्हणत नेलं. चिन्नी तुझ्या कडेवर. काचेच्या पेटीत उंदराची सात दिवसांची पिल्लं होती, अजून डोळे न उघडलेली. आत प्राणवायू कमी केलेली हवा सोडलेली. तू बराच वेळ बघत होतीस.

"यांची आई कुटाय?"

"शेजारच्या पिंजऱ्यात."

"तिला दिसतंय का?"

माझ्या मार्गदर्शकांनी मला चार वर्षांत इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता.

मग कँटीनमध्ये चहा घेताना तू म्हणालीस, "आता मला नीट सांग. पिलांच्या डोक्यात काय हुतं?" मी सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांच्या हातून. निरोप घेण्याची पेशीवरची जागा म्हणजे रिसेप्टर, दारासारखी. ग्लुटामेट नावाचं रसायन आलं की ते दार उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. शिकणं, लक्षात राहणं सगळं त्यावर चालतं. बाळाला तर जगातलं सगळंच शिकायचं असतं, म्हणून त्याच्या मेंदूतली ही दारं मोठ्या माणसाच्या दारांपेक्षा सहज उघडतात आणि उघडली की जास्त वेळ उघडी राहतात. प्राणवायू तुटला की पेशीतली ताकद संपते. सांडलेलं ग्लुटामेट गोळा करणारं कुणी उरत नाही. ते साचतं, दारं उघडीच्या उघडी राहतात, कॅल्शियमचा लोंढा आत येतो आणि पेशी आतून मरते.

"आन ते फिटांचं औषध? सोलापूरला देऊन बी झटकं थांबत नव्हतं."

मी म्हटलं, गाबा नावाचं दुसरं रसायन आहे. मोठ्यांच्या मेंदूला ते शांत करतं. अगदी नव्या बाळात ते पुष्कळदा उलटं वागतं, पेशीला आणखी चेतवतं. ते औषध त्याच गाबाच्या भरवशावर चालतं. म्हणून असेल कदाचित.

तू चिन्नीच्या हनुवटीवरची लाळ पुसलीस. "सगळ्या पेशी तवाच मरत्यात?"

"नाही. काही तेव्हा, काही नंतर. तासांनी, दिवसांनी. श्वास परत आल्यावरसुद्धा ते आत चालूच असतं."

"म्हंजी तुमी तिला जीपमदी न्यायला व्हता, तवा बी चालूच व्हतं."

"हो."

तू चिन्नीला मांडीवर सरळ केलंस. मग म्हणालीस, "तिचं डोकं कच्चं नव्हतं तर. शिकायला लई आसुसलेलं व्हतं, म्हणून जास्त मेलं."

अक्का, त्या विषयावर मी पुढं प्रबंध लिहिला. त्यात एवढं खरं वाक्य एकही नाही.

आणि मग तू हळूच विचारलंस, "मग गिराण?"

"ग्रहणाचा काय संबंध?"

"न्हाय ना?"

"नाही गं!"

"तुला कवापासून ठावं हाय?"

मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासून." आणि पर्समधून तो कागद काढला. घडीवर फाटायला आलेला. तुला ती ओळ वाचून दाखवली, अर्थ सांगितला.

तुझा आवाज वर गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं. "सा वर्सं," तू म्हणालीस. "सा वर्सं म्या तिला रोज आंगूळ घालताना मनातल्या मनात माफी मागाय लागले. माज्या विळीमुळं तुजं वाटुळं झालं म्हणून. आन तू हितं उंदराची डोस्की तपासत बसली. उंदराला सांगितलंस, मला सांगाया तोंड नव्हतं तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तू गेलीस. चिन्नीला चढवताना मी हात पुढं केला, तू तो कोपरानं बाजूला सारलास. पुढं दहा महिने फोन नाही.

मी स्वतःला समजावत राहिले: मला काय माहीत, तू ग्रहणाचं खरं मानत होतीस? पण खरं कारण ते नव्हतं. तुला सगळं सांगायचं म्हणजे थेंबांचंही सांगावं लागलं असतं. त्या दिवशी कँटीनमध्ये मी कपाटाचं सांगितलं, मास्कचं सांगितलं, कागद दाखवला. थेंबांचं सांगितलं नाही. पुढच्या सात वर्षांतही नाही. आज सांगते आहे, आणि तुला 'चल निघ इथनं' म्हणायची सोयही उरलेली नाही. याचाही मला राग येतो.

दहा महिन्यांनी तुझा फोन आला. "चिन्नीनं आज मान धरली बग. घड्याळ लावून बघितलं, पुरं एक मिनिट." भांडणाचा विषय नाही. मीच काढला. म्हटलं, आपण तक्रार करू, मी साक्ष देते. तू म्हणालीस, "आता? कागद तुज्याकडं व्हता, येळ बी तुज्याकडंच व्हती." दर दिवाळीला मी जळकोटला येऊन हे पुन्हा उकरून काढायची. तू प्रत्येक वेळी म्हणायचीस, "म्या माजं केलंय." काय केलंस, विचारलं की तुझं दूध उतू जायला यायचं. मला वाटायचं, तू देवावर सोडलंस. मला वाटायचं, तू भित्री आहेस. एकदा तोंडावर म्हणालेही. तू पोळपाट धुवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आसंन बाई."

काय केलंस ते मला तू गेल्यावर पाचव्या दिवशी कळलं.

दुकान बंद होतं, दाजी आत एकटेच बसले होते. मी त्यांच्याशीही भांडायलाच गेले होते. तेरा वर्षं दुकानाच्या गल्ल्यामागं बसून काढली, म्हणायला. त्यांनी स्टूल पुढं केलं आणि आपणहून बोलायला लागले. हैदराबादहून आल्यावर आठवड्यात तू त्यांना म्हणालीस, गाडी काढा. कडेवर चिन्नी घेऊन तू त्या नर्सिंग होममध्ये गेलीस. बाकड्यांवर बायका बसल्या होत्या, त्यांच्यामधून सरळ डॉक्टरांच्या टेबलापर्यंत.

"सायेब, तुमी लिवलंय ही लगीच रडली. ही हाय ती. माज्या कानावर हिचं रडू दोन महिन्यांनी आलं."

डॉक्टर म्हणाले, "बाई, त्या वेळी वाचली हेच नशीब समजा."

"नशिबाचं ऱ्हाऊ द्या. ती पिशवी आता कुटं आसती, ते सांगा."

डॉक्टर उठले नाहीत. तू स्वतः आत गेलीस. दाजी म्हणतात, त्यांना वाटलं तू आता काहीतरी फोडणार. कपाट तेच होतं, कुलूपही होतं. तू दाजींना म्हणालीस, "दुकानातनं डिरिल आना. आन एक जाड हूक." ते निमूट गेले, घेऊन आले. प्रसूतीच्या टेबलाशेजारी, नर्सच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर त्यांनी भिंतीला भोक पाडलं. तू कपाट उघडायला लावलंस, अंबू काढून त्या हुकाला टांगलीस, छोटा मास्क जोडून. "हिला पुन्ना कुलपात घातली तर या लेकीला घिऊन रोज हितं बसंन," म्हणालीस, आणि बाहेर आलीस.

दाजी सांगताना रडत होते. मी नाही. मला संताप आला, अक्का! मी त्या माणसाला कोर्टात उभं केलं असतं, त्याची पाटी उतरवली असती, आणि तू त्याच्या भिंतीला हूक ठोकून आलीस. त्यानं खोटं लिहिलं, आणि तू त्याचा दवाखाना नीट करून दिलास. हे मला पटलेलं नाही. आजही नाही. माफी कुणी मागितली? कुणीच नाही. तो अजून तिथं बसतो, अजून जेवायला घरी जातो.

पण दाजींचं सांगून संपलं नव्हतं. तेव्हापासून जळकोटातल्या, आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका दिवस भरत आले की तुझ्याकडं यायच्या. तू त्यांच्यासोबत जायचीस. शेजारणीला चिन्नीजवळ बसवून, चार-चार तास. ठोके ऐकले का? थेंब किती? छोटा मास्क कुठं? थेंबांचं तुला कुठून कळलं, विचारलं मी. दाजी म्हणाले, "तुमचं जुनं पुस्तक न्हेलं व्हतं की तिनं माहेरातनं. डिक्शनरी घिऊन वाचायची."

माझं बी. फार्मचं पुस्तक. त्या प्रकरणावर मी पेन्सिलनं खुणा केल्या होत्या, परीक्षेची तारीख घालून, तुझ्या बाळंतपणाच्या आधीची तारीख. मी घरात येऊन तुझं कपाट उघडलं. पुस्तक होतं. खुणा होत्या. माझ्या पेन्सिलीच्या रेघांखाली तुझ्या निळ्या पेनाच्या रेघा.

म्हणजे तुला कळलं होतं? मला सगळं आधीच माहीत होतं, आणि तरी मी बाहेर जाऊन बसले, हे? किती वर्षं कळलेलं होतं? आणि तू दिवाळीला मला गरम करंज्या खायला घालत होतीस, मी तुला भित्री म्हणत होते, आणि तू 'आसंन बाई' म्हणत होतीस. बोलायचं नव्हतंस का गं? एक शिवी तरी द्यायची होतीस. तुझ्या या न बोलण्याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. मी सहा वर्षं गप्प बसले म्हणून तू मला सोडून गेलीस, आणि मग स्वतः तेच केलंस.

घरी परत आले तेव्हा दाजी माझ्या मागोमाग आले होते. चिन्नी तू गेल्यापासून कुणाच्या हातचं नीट खात नव्हती; दात आवळून बसायची, वाटी उडवायची. दाजींनी पातळ भात कालवला, तिच्यासमोर मांडी घातली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. पहिला घास तिनं त्यांच्या सदऱ्यावर थुंकला. दुसराही. मी उठले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. म्या शिकतो." दीड तास लागला. अर्धी वाटी गेली. आता रोज दुपारी ते दुकानाला कुलूप लावून येतात. काल पाऊण वाटी गेली. हे तुझ्या हयातीत का नाही केलं, असं मी त्यांना विचारणार होते. विचारलं नाही. विचारेन कधीतरी.

आज सकाळी तुझ्या गल्लीतली सविता आली. तामलवाडीला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा संपत आलेला, बरोबर चार वर्षांची मुलगी. ती मुलगी घरभर पळत होती, चिन्नीच्या खुर्चीचं चाक फिरवून बघत होती. सविता म्हणाली, "ही झाली तवा रडली न्हवती. नर्सबाईनं हात लांब करून पिशवी घेतली, दोन-चार दाब दिले आन हिनं टाहो फोडला. अक्का माजं डोस्कं धरून व्हत्या." मी त्या मुलीकडं बघत राहिले. चिन्नीही बघत होती, आणि हसत होती. अक्का, माझा मुद्दा मी सोडलेला नाही. त्या डॉक्टरला शिक्षा व्हायलाच हवी होती. पण त्या मुलीसमोर मला तो मांडता येईना.

"परवा अकराला माजी त्याच दवाखान्यात तपासणी हाय," सविता म्हणाली. "अक्का येनार व्हत्या. तुमी येता का?"

"मी तिथं गेले तर भांडण होईल."

"काय इचारायचं ते मला समदं पाठ हाय, अक्कांनी करून घेतलंय. तुमी निसत्या बाजूला उब्या ऱ्हावा. एकटीला बघून त्ये टाळत्यात." मग तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. "अक्का हसून बोलायच्या. तुमी लई रागीट दिसता."

"मला हसून बोलायला जमत नाही."

"आसू द्या," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "रागीट बी चालंल."

मी कॉलेजला रजा कळवली आहे. परवा अकराला जायचं आहे.